वेटिंग रूममधलं टायरचं दुकान

त्या दिवशी मी बावीस मिनिटं स्टँडर्ड डेव्हिएशन शिकवलं. जीव ओतून शिकवलं. दोन्ही हात हलवले, पडद्यावर आलेख काढला, आदल्या दिवशी ठरवून ठेवलेला एक विनोदही केला. मग नेहमीसारखी थांबले, दोन्ही तळहात पुढे केले आणि विचारलं, "समजलं का?" चॅटमध्ये पटापट उत्तरं उतरली. येस मॅडम, येस मॅडम, अंगठा, येस मॅम, जोडलेले हात. मी सुखावले आणि पुढचं उदाहरण घेतलं. बाविसाव्या मिनिटाला चॅटमध्ये एक वेगळी ओळ आली: "मॅडम आवाज येत न्हाई."

माझा माइक तास सुरू झाल्यापासून बंद होता.

वर्गात साडेतीनशेच्या आसपास मुलं होती. मॅडमनी तळहात पुढे केले की 'येस मॅडम' लिहायचं, हे त्यांना पक्कं येत होतं. माझ्या हाताखाली ती दुसरं काही शिकली की नाही सांगता येत नाही, पण हे उत्तम शिकली होती. खरं सांगणारं एकच निघालं आणि पडद्यावर त्याचं नाव होतं 'सागर टायर वर्क्स'. मी माइक चालू केला, त्याला "थँक यू" म्हणाले आणि पुढच्याच क्षणी त्याला वर्गाबाहेर काढून टाकलं.

असं का केलं, ते कळायला माझं काम काय आहे ते आधी सांगायला हवं.

मी जालन्यात मस्तगडला, आईवडिलांकडे राहते आणि तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि दर सत्राला नेमणुकीची नवी ऑर्डर. आमच्या भागातल्या बऱ्याच कॉलेजांत हा विषय शिकवायला माणूसच नाही. म्हणून सगळ्यांची मिळून एक ऑनलाइन तुकडी केली आणि ती माझ्याकडे आली. रोज सकाळी अकराला मी कपाटासमोर चादर टांगते, खुर्चीवर दोन उशा ठेवून बसते आणि जिल्हाभरच्या मुलांना सरासरी शिकवते.

ही तुकडी मिळाली तेव्हा मला वाटलं, ही नोकरी माझ्यासाठीच काढली असावी. मी लहानपणापासून लाजाळू. वाण्याला "अर्धा किलो" म्हणायचं, तरी आधी मनात दोनदा म्हणून बघते. इथे साडेतीनशे मुलं असून एकही डोळा माझ्याकडे रोखलेला नाही. सगळ्यांचे कॅमेरे बंद, नुसते नावांचे चौकोन. पहिल्या आठवड्यात फार बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की न दिसणारे डोळे दिसणाऱ्या डोळ्यांपेक्षा वाईट. समोर बसलेलं पोर निदान जांभई तरी देतं.

त्यात माझी मराठी. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी बोलायचं, पण आकडे इंग्रजीत मोजायचे आणि रागही इंग्रजीतच यायचा. मुलं खेड्यापाड्यांतली, त्यांना त्रास नको म्हणून मी सुट्टीभर पारिभाषिक शब्द पाठ केले. पहिल्याच तासाला 'प्रमाण विचलन' हा शब्द अकरा वेळा वापरला. शेवटी एकाने चॅटमध्ये लिहिलं, "मॅडम, ते स्टँडर्ड डेव्हिएशनच म्हणा ना. सोपं जातं."

मुलांना जागं ठेवण्यासाठी मी काय काय केलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. नाव घेऊन प्रश्न विचारायला लागले, तर ज्याचं नाव घ्यावं त्याचं नेट जायचं. वर्गात शंभर टक्के नेट असलेला मुलगाही "संतोष, तुम्ही सांगा" म्हटल्याबरोबर चौकोनासकट नाहीसा व्हायचा. मग वर्गाचे छोटे छोटे गट पाडून त्यांना वेगळ्या ऑनलाइन खोल्यांत चर्चेला पाठवलं. गुपचूप एका खोलीत डोकावले तर दोघं जण तुरीवर कोणतं औषध फवारावं यावर फार मनापासून बोलत होते. मी आत आल्याचं दिसताच एक जण म्हणाला, "तर असं हे सरासरीचं महत्त्व हाय." दुसऱ्या खोलीत कोणीतरी घोरत होतं. ते घोरणं मात्र अतिशय नियमित होतं, विचलन जवळजवळ शून्य.

आई स्वयंपाकघरातून ऐकायची. एक दिवस दारात येऊन उभी राहिली.

"कोणाशी बोलून राह्यली गं तू मघापासून?"

"वर्ग आहे, आई."

"मंग ते काहून बोलत न्हाईत?"

"ऑनलाइनमध्ये नाही बोलत कोणी."

"तू बी आल्या आल्या सुरू करतीस. आधी विचारावं माणसाला, जेवलास का, काय भाजी केली म्हणून."

संख्याशास्त्रात मी प्रथम श्रेणीत पास झाले आहे, आणि माझ्या कामातला एकमेव उपयोगी सल्ला मला वांगी चिरणाऱ्या आईकडून मिळाला. दुसऱ्या दिवशी मी खरंच विचारलं, "आज तुमच्याकडे काय भाजी?" चॅट इतकं वेगानं धावलं की मला वाचता येईना. मेथी, वांगं, डाळ, वांगं, अंडा करी, काल रात्रीचंच पिठलं. आम्ही सगळ्यांनी मिळून मोजलं, सर्वांत जास्त वेळा आलं ते वांगं. "यालाच मोड म्हणतात," मी म्हणाले. तो पाठ मला पुन्हा शिकवावा लागला नाही. कोणीतरी विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं काय?" मी गाफील होते. म्हणाले, "शेपू. आणि मला शेपू अजिबात आवडत नाही." वर्गात बोललेलं माझं ते पहिलं खासगी वाक्य.

आता वेटिंग रूमचं. ऑनलाइन वर्गाला एक दार असतं. येणारा आधी बाहेर थांबतो, त्याचं नाव माझ्या पडद्यावर दिसतं आणि मी 'घ्या' किंवा 'नको' यांपैकी एक बटण दाबते. सत्राच्या सुरुवातीला कोणीतरी उपटसुंभ वर्गात घुसला आणि त्यानं दीड मिनिट लग्नाचा बँड वाजवला. हे आमचे विभागप्रमुख पाठक सर यांच्या कानावर गेलं. सर म्हणाले, "मॅडम, आपला वर्ग म्हंजे काय बसस्टँड हाय का? यादीतलं नाव आणि रोल नंबर असंल तरच आत. बाकी सगळे बाहेर, बिलकुल दया दाखवायची न्हाई."

मला कोणालाच नाही म्हणता येत नाही. दारावर सतरंज्या विकायला येणारा माणूस आमच्याकडे तीन सतरंज्या देऊन गेला आहे. पण बटणावर नाही म्हणता येतं, हा शोध मला त्या आठवड्यात लागला. रोज अकराला पाच मिनिटं कमी असताना 'सागर टायर वर्क्स' दारात उभं असायचं. मी 'नको' दाबायची. ते पुन्हा यायचं. मी पुन्हा 'नको'. कधीकधी सात-आठ वेळा. मला वाटायचं, हा कोण चिवट टायरवाला, याला माझ्याकडून काय हवंय? आणि खरं सांगते, मला त्यात मजा येऊ लागली होती. दिवसातून एकदा तरी मी कोणालातरी ठणकावून नकार देत होते.

माइक बंद राहिला त्या दिवशी मला उशीर झाला होता. गडबडीत 'सगळ्यांना घ्या' हे बटण दाबलं गेलं, आणि त्या गर्दीत टायरचं दुकान आत आलं. पुढचं सांगून झालंच आहे.

सत्र संपत आलं तशी कमी हजेरीची यादी लावायची वेळ आली. हजेरी पंच्याहत्तर टक्के नसेल तर टर्म मिळत नाही आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. हजेरीसाठी मी तासात तीनदा, कधीही, एक प्रश्न टाकायची. तिन्हींना उत्तर आलं तर हजर. माझ्या यादीत तळाला काही नावं अशी होती की एकाही प्रश्नाला त्यांचं उत्तर नव्हतं. त्यांत तीन मुली: शाहीन, मनीषा आणि आरती. तिघी अंबडच्या एका कॉलेजच्या, राहणार वडीगोद्री. मी त्यांच्यापुढे शून्य लिहिलं. यादीखाली नियमाप्रमाणे माझा फोन नंबर छापावा लागला. तोपर्यंत मी तो एकाही मुलाला दिला नव्हता. भित्रेपणाला मी 'शिस्त' म्हणत असे.

दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"मॅडम का? सागर टायर वर्क्सवरून बोलून राह्यलो."

मला वाटलं, इतक्या नकारांचा जाब विचारायला फोन आला.

"रशीद म्हणत्यात मला. शाहीनचा अब्बा. मॅडम, पोरी रोज अकराला टायरच्या मागं बसत्यात. तुम्ही आतच घेत न्हाईत. काही गलती झाली का पोरींची?"

"पण नाव... नाव टायर वर्क्सचं येतं."

"दुकानाचा फोन हाय ना मॅडम. नाव दुकानाचंच येणार."

"ते बदलता येतं."

"शाहीन बी हेच म्हणती. मीच बदलू देलं न्हाई. नाव बदललं तर गिऱ्हाइकाला दुकान सापडायचं कसं? हायवेवर रात्री-बेरात्री गाडी बसती, माणूस फोनवर नाव बघूनच येतो."

वर्गातलं नाव बदलल्यानं दुकानाचं नाव बदलत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. दुकानाच्या नावामागे माणूस असू शकतो, हे मला माहीत नव्हतं. दोघांत जास्त शिकलेली मी.

"मंग त्या शिकत कशा होत्या?" मी विचारलं. घाबरले की माझी मराठी आईसारखी होते.

तीर्थपुरीला मनीषाची आतेबहीण होती, पूजा. ती माझ्या वर्गात रीतसर होती. मी टायर वर्क्सला बाहेर काढलं की या तिघी पूजाला फोन लावायच्या, आणि पूजा आपल्या फोनशेजारी घरातला दुसरा फोन ठेवायची. असा सगळा वर्ग त्यांनी सत्रभर ऐकला. मला आठवलं, पूजाला माइक उघडायला सांगितलं की माझाच आवाज मला दोनदा ऐकू यायचा आणि मागे हवा भरायच्या मशीनचा फुसकारा. मी एकदा तिला रागावलेही होते, "रस्त्यावर बसून तास करता का?" त्यावर पूजानं लिहिलं होतं, "येस मॅडम."

"मॅडम," रशीदभाई म्हणाले, "शाहीनचं मी बघून घेईन. एक साल गेलं तर गेलं. पण मनीषाच्या घरचं तसं न्हाई. यंदा परीक्षा हुकली तर तिला घरी बसवत्यात. तेवढं बघा." मग म्हणाले, "आणि घरी शेपू करत जाऊ नका, तुम्हाला आवडत न्हाई ना. पोरी सांगत होत्या."

यादी चार दिवसांत विद्यापीठाकडे जाणार होती. मी एस.टी. पकडून वडीगोद्रीला गेले.

टायरांची एक भिंत, तिच्यामागे एक सतरंजी, मधोमध एका डब्यावर फोन टेकवायची जागा. तिघी समोर उभ्या. रशीदभाईंनी मला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, चहा मागवला आणि पंक्चर काढायला निघून गेले. आता बोलायचं मी. बसमध्ये माफीची तीन वाक्यं पाठ केली होती. तोंड उघडलं, एकही आलं नाही. तिघी माझ्याकडे बघतायत, मी चहाकडे बघतेय. एक ट्रक गेला, मग दुसरा गेला. शेवटी शाहीन हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्यूट हायत का?"

आरतीनं ओढणी तोंडात कोंबली. मनीषा हसली आणि लगेच गप्प झाली. मग मीही हसले, आणि माफी त्या हसण्यातच कशीबशी मागून झाली.

"पुरावा लागेल," मी म्हणाले. "तुम्ही तास ऐकलेत, असं दाखवणारं काहीतरी."

शाहीननं एक डायरी आणून दिली. टायर कंपनीची, फुकट वाटतात तसली, पानापानावर तारीख छापलेली. तीत रोजचा तास होता. माझे तिन्ही प्रश्न, तिघींची वेगवेगळी उत्तरं, आणि माझं बाकीचं सगळंही. 'आज कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, मॅडम मध्येच उठल्या.' 'मॅडमला शेपू आवडत नाही.' 'आज आत घेतलं. आवाज नव्हता. आरती म्हणाली, सांगू नको, काढतील. मी सांगितलं. काढलं.'

"का सांगितलंत?" मी विचारलं.

शाहीन म्हणाली, "तुम्ही लई मन लावून शिकवू राह्यलात मॅडम. बघवंना."

परतीच्या बसमध्ये मी डायरी पहिल्यापासून वाचली आणि अंबडच्या पुढे एका पानावर थबकले. तिथे लिहिलं होतं: 'मॅडम म्हणाल्या, पुस्तकातलं चौथं उदाहरण चुकलंय. सातनं नाही, सहानं भागायचं. हे बाहेर बोलू नका म्हणाल्या.'

ते पुस्तक पाठक सरांनी लिहिलेलं आहे. आमच्याकडे सगळे तेच वापरतात. चौथ्या उदाहरणात सात आकडे घेतलेत, ते नमुन्यादाखल निवडलेले, म्हणून शेवटी एक कमी करून सहानं भागायला हवं. सरांनी सातनं भागलंय. हे मी एका तासाला आवाज खाली करून सांगितलं होतं आणि नंतर त्या तासाचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं होतं. म्हणजे, मुली त्या दिवशी ऐकत होत्या याचा याहून पक्का पुरावा दुसरा नव्हता. बाकीची पानं कोणाच्याही वहीतून उतरवता आली असती. हे वाक्य पूर्ण वर्गात कोणीही लिहून ठेवलं नसतं. ठेवलं असतं तर ते सरांपर्यंत कधीच गेलं असतं. आणि माझी पुढच्या सत्राची ऑर्डर सरांच्याच सहीनं निघणार होती.

ते पान फाडायला फार सोपं होतं. कागदही हलका होता. मी चिमटीत धरूनही पाहिलं. बाजूच्या आजी म्हणाल्या, "धर गं बाई बराबर, उडून जाईल." मी डायरी मिटली.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये मी लिहून नेलेलं दोन पानी निवेदन होतं. त्यात वेटिंग रूम, सुरक्षितता, लग्नाचा बँड असे सगळे मुद्दे होते. सरांनी चष्मा वर केला. "बोला."

"सर, तीन मुली रोज येत होत्या. मी दार उघडलं नाही." दोन पानांतलं एवढंच बाहेर आलं.

"लॉगिन न्हाई तर हजेरी न्हाई, मॅडम. उद्या सगळेच म्हणतील, आम्ही दारात होतो. पुरावा?"

मी डायरी पुढे केली, ते पान उघडून. सरांनी वाचलं. मग पुस्तक काढलं, पेन्सिल काढली आणि बेरीज करायला लागले. पंखा फिरत होता. मी टेबलावरचे पेपरवेट मोजले. तीन होते. पुन्हा मोजले.

"सात आकडे," सर स्वतःशीच म्हणाले. "भागिले सात घेतलंय मी." मग वर बघून, "इतक्या बॅचेस गेल्या हातातून. कोणीच कसं बोललं न्हाई?"

मला गप्प बसता आलं असतं. आयुष्यभर मी तेच केलंय. पण तोंडातून निघून गेलं, "येस सर म्हणत असतील, सर."

सर माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की माझी ऑर्डर, माझ्या दोन उशा, कपाटावरची चादर सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी कमी हजेरीची यादी ओढली आणि तिन्ही नावांवर काट मारली.

"चूक तुमची होती, असं लेखी द्या."

"येस सर."

"आणि पुस्तकाचं..." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बाकीची उदाहरणं बी बघून ठेवा एकदा. हळू आवाजातच सांगा."

तिघींनी परीक्षा दिली. मनीषाला आमच्या विषयात तिघींत सर्वांत जास्त गुण पडले. शाहीन म्हणते, डायरी हिच्याकडेच जास्त असायची. माझी ऑर्डर दोन आठवडे उशिरा आली. का, ते मी विचारलं नाही.

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी मी दार उघडलं आणि बघतच राहिले. 'विठाई मेडिकल', 'पप्पा नवीन', 'गुरुदत्त रसवंती', 'बाळूमामाचा फोन', 'शिवशक्ती वेल्डिंग'. या मॅडम दुकानांनाही आत घेतात, ही बातमी पसरली होती. मी सगळ्यांना घेतलं आणि चॅटमध्ये खरं नाव आणि रोल नंबर लिहायला सांगितलं. बँड अजून तरी वाजलेला नाही. "आवाज येतोय का?" मी विचारलं. पहिलं उत्तर 'गुरुदत्त रसवंती'कडून आलं: "खरखर येऊ राह्यली मॅडम. माइक जवळ घ्या." माझ्या वर्गाची यापेक्षा मोठी प्रगती मी नोंदवू शकत नाही.

पण एक गोष्ट राहिली. मागच्या सत्राच्या अगदी पहिल्या आठवड्यात दारात आणखी एक नाव आलं होतं, 'मयूर हेअर कटिंग'. दोनदा आलं. मी दोनदा 'नको' दाबलं. ते टायर वर्क्सइतकं चिवट नव्हतं, पुन्हा आलं नाही. शून्य हजेरीवाल्या बाकीच्या सगळ्यांना मी नंतर फोन केले, वाण्याशी बोलायच्या आधी करते तशी तालीम करून. कोणी शिक्षण सोडलं होतं, कोणी पुण्याला कामाला गेलं होतं, दोन नंबर लागलेच नाहीत. कटिंगच्या दुकानाबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं.

त्यामुळे अजूनही अकरा वाजून दहा मिनिटं होईपर्यंत मी धडा सुरू करत नाही. भाजी विचारते, हवापाणी विचारते आणि दारावरची नावं बघत बसते. मुलांना वाटतं, मॅडमचं नेट स्लो आहे.